काशीच्या बाजारातील तीन खडे

यात्रेच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांचे काशीस जाणे होते. विश्वनाथाचे दर्शन घ्यावे, पंचगंगा घाटावर स्नान करावे, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या अंगास राहणाऱ्या मराठी घराण्यांपैकी कोणी ओळखीचे असल्यास भेटून यावे आणि परतीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. गोला दीनानाथ या पेठेत मात्र मुद्दाम वाट वाकडी करून सहसा कोणी जात नाही. ही मसाल्यांची व जडीबुटींची घाऊक पेठ. अशा पेठेतील काष्ठौषधीच्या दुकानात तीन प्रकारचे खडे मागून पाहावेत. एक स्फटिकासारखा पांढरा, दुसरा फिकट हिरवा आणि तिसरा मोराच्या मानेसारखा निळा. तेथील दुकानदार त्यांना फिटकरी, कसीस व तूतिया म्हणेल. आपण त्यांना तुरटी, हिराकस व मोरचूद म्हणतो. रंगाने, गुणाने व उपयोगाने परस्परांहून इतके निराळे असलेले हे तीन पदार्थ एकाच कुळातील आहेत. तिन्ही गंधकाम्लाचे क्षार होत. रसायनशास्त्रात या कुळास ‘सल्फेट’ असे नाव आहे.

हे कुळ काशीस नवखे नाही. सुश्रुतसंहितेच्या आरंभीच असे सांगितले आहे की, काशिराज दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुत आदी शिष्यांस शल्यविद्या शिकविली. या ग्रंथाच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे जे गण दिले आहेत, त्यांत ऊषकादि गण म्हणून एक आहे. खारी माती, सैंधव, शिलाजतु, दोन प्रकारचे कासीस, हिंग आणि तुत्थ अशी त्यातील द्रव्ये. कासीस म्हणजे हिराकस व तुत्थ म्हणजे मोरचूद, हे ध्यानात घेतले म्हणजे सात द्रव्यांच्या या यादीत तीन सल्फेटे निघतात. मुतखडा, मूत्रकृच्छ्र व मेदोवृद्धी यांवर हा गण सांगितला आहे. आजचा वैद्य मुतखड्यावर कोणास मोरचूद देणार नाही आणि देऊही नये; परंतु हे खनिज खडे औषध म्हणून किती जुन्या काळापासून मनुष्याच्या हाताशी आहेत, याची कल्पना त्यावरून येते. पुढील काळातील रसग्रंथांनी तर हिराकस माक्याच्या रसात शिजवून शुद्ध केल्यावाचून वापरूच नये, असा दंडक घातला. कच्चा खडा पोटात घालावयाचा नसतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. (कासीस या नावाचा काशी नगरीशी संबंध जोडण्याचा मोह एखाद्या वाचकास होईल. तो आवरावा, शब्दांचा सारखेपणा हा काही पुरावा नव्हे.)

आता सल्फेट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. गंधकाचा एक अणू मध्ये आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार अणू, अशी ही जुडी असते. तिच्यावर दोन ऋण विद्युत्भार असतात. एकटी ती राहत नाही. धन भार असलेल्या कोणाशी तरी तिला जोडी जमवावी लागते. लोहाशी जमली की हिराकस होतो, तांब्याशी जमली की मोरचूद, अ‍ॅल्युमिनियम व पोटॅशियम या दोघांशी मिळून जमली की तुरटी. म्हणजे प्रत्येक सल्फेटाचे नाव हा एक सामासिक शब्द आहे. काशी ही व्याकरणाची नगरी, म्हणून तेथील पाठशाळेतला पहिला प्रश्न येथेही विचारावा, असे आम्हांस वाटते. या समासात प्रधान पद कोणते? काम करणारे पूर्वपद आहे की उत्तरपद? औषधाच्या बाटलीवरील नाव वाचताना हा प्रश्न ज्याने विचारला, त्याचा पुष्कळसा गोंधळ टळतो.

हिराकसाचेच उदाहरण घ्या. येथे प्रधान पद निःसंशय लोह आहे. सल्फेट केवळ वाहन. लोखंडाचा कीस खाऊन रक्त वाढत नाही, कारण तो पोटात पुरेसा विरघळत नाही. सल्फेटाच्या रूपाने मात्र लोह पाण्यात सहज विरघळते आणि आतड्यात शोषले जाते. हिराकसाच्या खड्यात वजनाचा पाचवा हिस्सा लोह असते. फ्रान्समध्ये पिएर ब्लॉ या डॉक्टराने १८३२ साली पांडुरोगी तरुणींना हिराकस व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या देऊन त्यांचा फिकटपणा घालविला, तेव्हापासून ही गोळी आधुनिक वैद्यकात रुळली. आपल्या देशात पोषणजन्य पांडुरोगाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. २०१८ सालच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ योजनेप्रमाणे गर्भवती स्त्रीस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल देणारी एक गोळी, अशी १८० दिवस द्यावयाची असते. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावन स्त्रियांचे रक्त कमी प्रतीचे आढळले. गोळी आहे, ती फुकट मिळते, आणि रोग जात नाही. असे का व्हावे?

कारणे अनेक आहेत. जंत आहेत, निकस आहार आहे, लागोपाठची बाळंतपणे आहेत. परंतु एक कारण प्रत्येक घराच्या चुलीजवळ आहे आणि ते समजण्यासाठी जुन्या शाईची आठवण पुरेशी आहे. बोरूने लिहिण्याच्या दिवसांत हिरडा उकळून त्या काढ्यात हिराकस टाकीत आणि काळीभोर शाई करीत. हिरड्यातील टॅनिन नावाचे तुरट द्रव्य लोहास पकडून बसते. त्या दोघांचा संयोग म्हणजेच तो काळा रंग. आता चहातही टॅनिनसारखी तुरट द्रव्ये भरपूर असतात. सूनबाईंनी लोहाची गोळी घेतली आणि सासूबाईंनी मायेने वर कपभर चहा दिला, की पोटात तीच शाई तयार होऊ लागते. शाईत अडकलेले लोह रक्तात जात नाही. म्हणून गोळी व चहा यांच्यामध्ये तासा-दोन तासांचे अंतर असावे. दूध व कॅल्शियमच्या गोळ्या यांनीही लोहाच्या शोषणास अडथळा होतो. उलट आवळा, लिंबू, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्यास साहाय्य करते. गोळीने शौचास काळे होते, कोणास बद्धकोष्ठ होते, कोणास मळमळते. यात भिण्यासारखे काही नाही, पण आधी सांगितले नाही तर घाबरून गोळ्या कपाटात पडून राहतात. आणि कपाटातल्या त्या गोळ्या लहान मुलाच्या हाती लागणे ही मात्र खरोखरीच भिण्यासारखी गोष्ट आहे. रंगीत, साखरेचे आवरण असलेली गोळी मुलास गोड लागते. मूठभर गोळ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचा प्राण घेऊ शकतात. जी मात्रा आईला बळ देते तीच बाळाच्या आतड्यास व यकृतास जाळते. तेव्हा गोळ्यांची पाकिटे उंचावर आणि कुलुपात ठेवावीत.

रक्तातील लोह पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याच्या कामी कधी कधी दुसरा खडा येतो, ही मौजेची गोष्ट आहे. रक्तदानाच्या शिबिरात निळ्या पाण्याची लहान बाटली आपण पाहिली असेल. ते मोरचुदाचे पाणी. त्याचे विशिष्ट गुरुत्व बरोबर १.०५३ केलेले असते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात. थेंबाभोवती तांबे व प्रथिने यांचे पातळ कवच धरते, त्यामुळे तो काही क्षण विखुरत नाही. रक्तात शंभर मिलिलिटरमागे साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर थेंब जड ठरून बुडतो. कमी असेल तर तरंगतो किंवा मध्येच घुटमळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिद्ध झालेली ही साधी, स्वस्त पद्धत. आता नव्या यंत्रांनी तिची जागा पुष्कळ ठिकाणी घेतली आहे. ज्या भगिनीचा थेंब तरंगला, तिने ‘रक्त घेतले नाही, बरे झाले, सुटले’ असे न म्हणता त्याच आठवड्यात आपले रक्त नीट तपासून घ्यावे. तो थेंब तिला फुकट मिळालेला सल्ला असतो.

मधुमेह्यांची लघवी तपासण्याचे निळे बेनेडिक्ट द्रावणही मोरचुदाचेच. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांस चुना व मोरचूद यांचे बोर्डो मिश्रण ठाऊक आहे. ते फ्रान्समधील बोर्डो प्रांतात १८८५ च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रचारात आणले. बुरशीस मारणारे हे तांबे मनुष्यासही मारते, हे मात्र विसरून चालत नाही. एके काळी विष घेतलेल्या रोग्यास ओकारी करविण्यासाठी मोरचुदाचे पाणी पाजीत असत. ही पद्धत आता सर्वस्वी त्याज्य ठरली आहे, कारण ओकारी न झाली तर एका विषात दुसऱ्याची भर पडते. १९६५ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी मोरचूद पोटात गेलेल्या रोग्यांची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. त्या विकारात हिरवी-निळी ओकारी होते, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते आणि मूत्रपिंडे काम थांबवितात. स्वस्त, सुंदर दिसणारा आणि विनासायास मिळणारा हा खडा शेतकऱ्याच्या घरी चिठ्ठीविना जुन्या डब्यात पडलेला असतो. असा डबा आपल्या घरी असेल तर त्यावर आजच ठळक अक्षरांत नाव घालावे आणि स्वयंपाकघरापासून तो दूर ठेवावा. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती उतारे शोधण्यात वेळ न दवडता रोग्यास थेट रुग्णालयात न्यावे व डबाही बरोबर न्यावा.

तुरटीविषयी आपल्या वाचकांस फार सांगावयास नको. दाढीनंतर गालावर फिरविण्याचा आणि घसा धरला असता गुळण्या करण्याचा हा खडा आहे. वाराणसीत भेलूपूर येथील जलसंस्था १८९२ पासून गंगेचे पाणी शहरास पुरवीत आली आहे. पावसाळ्यात गंगा गढूळ झाली म्हणजे असे पाणी निवळण्यासाठी तुरटीचा वर्गच कामास येतो. अ‍ॅल्युमिनियमचे सल्फेट पाण्यात पडले की त्याचे कापसासारखे पुंजके बनतात, मातीचे सूक्ष्म कण त्यांना चिकटतात आणि सर्व मिळून तळाशी बसतात. येथेही काम करणारे पूर्वपद अ‍ॅल्युमिनियमच होय. मात्र निवळलेले पाणी हे निर्जंतुक पाणी नव्हे. मातीबरोबर काही जंतू खाली जातात, सगळे नाही. म्हणूनच निवळल्यावर क्लोरीन घालावा लागतो आणि घरी असेल तर पाणी उकळावे लागते. तुरटीची आणखी एक कामगिरी मात्र थोड्यांनाच माहीत असते. १९२६ साली इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी यांनी असे दाखविले की, घटसर्पाची लस तुरटीने साखळून टोचली तर शरीर तिला अधिक जोमाने प्रत्युत्तर देते. आपल्या नातवंडांना टोचल्या जाणाऱ्या कित्येक लशींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आजही याच कामासाठी असतात.

बाजारातून आता काशीच्या दक्षिण टोकास, हिंदू विश्वविद्यालयाकडे वळू. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ साली स्थापिलेल्या या विद्यापीठात १९३२ साली महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. भारतात विद्यापीठाच्या पातळीवर ते प्रथम येथेच सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय १९६० साली निघाले व १९७१ साली त्याचे वैद्यकविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. या संस्थेतील प्राध्यापक श्याम सुंदर यांचे नाव काळा आजार या रोगाच्या संशोधनात जगभर घेतले जाते. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील गरिबांच्या घरी वाळूमाशीच्या चाव्याने पसरणारा हा रोग प्लीहा फुगवितो, ताप हटू देत नाही आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यूच ओढवतो. जुनी अँटिमनीची औषधे बिहारात निष्प्रभ ठरू लागली होती. त्या वेळी पॅरोमोमायसीन सल्फेट या स्वस्त औषधाची परीक्षा श्याम सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमधील ६६७ रोग्यांवर घेतली. एकवीस दिवस रोज एक टोचणी. शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव रोगी बरे झाले. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. औषधास भारतात परवानगी २००६ सालीच मिळाली होती. पुढे २०१० साली याच अभ्यासकांनी लायपोसोमल अँफोटेरिसिन या दुसऱ्या औषधाची एकच मात्रा पुरते असे दाखविले व आता तीच पहिली निवड मानली जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या औषधातील एक बारीक गोष्ट फार बोलकी आहे. रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरोमोमायसीन सल्फेट टोचावयाचे. पण त्यात प्रत्यक्ष पॅरोमोमायसीन असते ११ मिलिग्रॅम. उरलेले चार मिलिग्रॅम हे सल्फेटाचे वजन. मात्रा ठरवताना डॉक्टर पूर्वपदाचा हिशेब करतो. पॅरोमोमायसीनचा, हिवतापाच्या क्विनीन सल्फेटाचा, डोळ्यांच्या अ‍ॅट्रोपीन सल्फेटाचा, दमेकऱ्यांच्या साल्ब्युटामोल सल्फेटाचा प्रकार एकच आहे. मूळ औषध पाण्यात नीट विरघळावे, टिकावे, त्याचे वजन नेमके करता यावे म्हणून त्याला सल्फेटाची जोडी दिलेली असते. दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर निरनिराळे आकडे दिसले तर त्यातला एक क्षाराचा व दुसरा मूळ द्रव्याचा असू शकतो. अशा वेळी आपण स्वतः बेरीज-वजाबाकी करू नये. औषधविक्रेत्यास किंवा डॉक्टरास विचारावे.

याच ठिकाणी एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. ‘मला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगणारे लोक पुष्कळ असतात व ते सांगणे योग्यच आहे. परंतु सल्फा औषधे ही १९३० नंतरच्या दशकात आलेली निराळी जात. त्यांच्या रेणूची रचना वेगळी, शरीराशी होणारा त्यांचा व्यवहार वेगळा. नावात ‘सल्फ’ ही दोन अक्षरे समान आहेत म्हणून सल्फाचे भय बाळगणाऱ्या रोग्याने दम्याचा साल्ब्युटामोल सल्फेट किंवा लोहाचा फेरस सल्फेट नाकारण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात सल्फेट जन्मभर वाहत असते. त्याचीच अ‍ॅलर्जी असती तर जगणेच अशक्य झाले असते.

मग उत्तरपद कधीच प्रधान नसते काय? असते. पोटाचे क्ष-किरण चित्र घेण्यापूर्वी रोग्यास पांढरे, खडूसारखे पाणी पाजतात. ते बेरियम सल्फेट. बेरियम हे जालीम विष आहे. त्याचे पाण्यात किंवा पोटातील आम्लात विरघळणारे क्षार थोडेसे पोटात गेले तरी हृदय थांबते, आणि बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारण्यासाठी वापरीत असत. पण सल्फेटाशी जोडी जमली की बेरियम इतके घट्ट बांधले जाते की ते पाण्यातही विरघळत नाही आणि आम्लातही नाही. ते आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते. मध्यंतरी क्ष-किरणांना अडवून आतड्याचा आकार तेवढा दाखविते. येथे रोग्याचा रखवालदार सल्फेट आहे. हाड मोडले असता घालण्याचे प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जिप्सम भाजून त्यातील पाणी उडविले की ते तयार होते आणि पुन्हा पाणी मिळाले की गरम होत दगडासारखे घट्ट बसते. १८५२ साली मॅथेयसेन या डच लष्करी शल्यवैद्याने त्याच्या पट्ट्या प्रचारात आणल्या. आपल्याकडील गणेशमूर्तींचे प्लास्टर ते हेच; नदीत ते सहजी का विरघळत नाही याचा उलगडा यावरून व्हावा.

आता शरीराच्या आत पाहू, कारण खरे कौतुक तेथेच आहे. डाळी, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिनांत गंधक असते. यकृत त्या गंधकापासून सल्फेट बनविते आणि ते निरनिराळ्या रेणूंना चिकटविते. स्ट्रासबुर्गमध्ये काम करणाऱ्या ऑयगेन बाउमान यांनी १८७६ साली हे प्रथम ओळखले. कार्बोलिक आम्लाने उपचार केलेल्या रोग्याच्या लघवीत त्यांना ते आम्ल सल्फेटाशी जोडलेल्या रूपात सापडले. विषारी पदार्थास सल्फेटाचे लगाम घालून मूत्रमार्गे बाहेर काढून देण्याची ही शरीराची युक्ती. हीच युक्ती आज आपल्या घरातील सर्वांत परिचित गोळीच्या, पॅरासिटामोलच्या बाबतीत चालते. लहान मुलांत तर तिचा मोठा वाटा सल्फेटाच्या वाटेनेच बाहेर पडतो. परंतु सल्फेटाचा साठा मर्यादित असतो. मात्रा फाजील झाली की हा मार्ग तुंबतो, दुसरा मार्गही अपुरा पडतो आणि उरलेल्या औषधापासून यकृतास जाळणारे द्रव्य तयार होते. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी आणि अंगदुखीची वेगळी, अशा तिन्ही घेतल्या आणि तिन्हींत पॅरासिटामोल निघाले, असे घरोघरी घडते. पाकिटावरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचण्याचे श्रम येथे सार्थकी लागतात.

सांध्यांतील कूर्चेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असते. त्यावरील ऋण भार पाणी धरून ठेवतात आणि कूर्चा उशीसारखी मऊ व भरीव राहते. म्हणून गुडघेदुखीवर त्याच्या गोळ्या घेण्याची टूम निघाली आहे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेत एकंदर रोग्यांस त्यांचा म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. तेवढ्या पैशात दूध-डाळ खावी, असे आमचे मत आहे. रक्त गोठू न देणारे हेपारिन हे तर शरीरातील सर्वांत अधिक ऋण भार असलेल्या द्रव्यांपैकी एक. १९१६ साली जे मॅक्लीन या विद्यार्थ्यास रक्त गोठण्यास अटकाव करणारे द्रव्य यकृताच्या अर्कात आढळले व त्या संशोधनातून हेपारिन पुढे आले. त्याचे सामर्थ्य त्याच्या सल्फेटांच्या मांडणीत आहे. ही मांडणी बिघडली म्हणजे काय होते ते २००८ साली अमेरिकेत दिसले. चीनमधून आलेल्या हेपारिनात कोणी तरी स्वस्त भेसळ केली होती. भेसळीचा पदार्थ म्हणजे आपल्या ओळखीचे कॉन्ड्रॉइटिनच, पण त्यावर कृत्रिम रीतीने जादा सल्फेटे चढविलेली. नेहमीच्या तपासणीत ते हेपारिनसारखेच भासले. रोग्यांचा रक्तदाब मात्र एकाएकी कोसळला आणि अनेकजण दगावले.

उरले मॅग्नेशियम सल्फेट. जुने लोक त्याला एप्सम सॉल्ट म्हणून ओळखतात, कारण इंग्लंडातील एप्सम गावच्या कडू झऱ्यात ते सतराव्या शतकात सापडले. रेचक म्हणून ते घेतले तर तो खरा द्वंद्व समास. मॅग्नेशियम व सल्फेट दोन्ही आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, दोन्ही मिळून पाणी ओढतात आणि कोठा साफ होतो. हेच द्रव्य शिरेतून किंवा स्नायूत टोचले की समास पालटतो आणि मॅग्नेशियम प्रधान होते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो, चेहरा व हात सुजतात, डोके असह्य दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीच्या खाली पोटात कळ येते. यानंतर झटके येऊ शकतात. त्यांस एक्लॅम्प्सिया म्हणतात. भुताने झपाटले असे समजून अशा स्त्रीस अंगारा लावीत बसल्याने आई व मूल दोघेही गेल्याची उदाहरणे आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. मॅग्नेशियम सल्फेटाचा या विकारावर उपयोग १९०६ साली जर्मनीत झाला, पण तेच सर्वांत चांगले की काय याविषयी वाद पुढे नव्वद वर्षे चालला. १९९५ साली भारतासह अनेक देशांतील सुमारे सतराशे स्त्रियांवर झालेल्या परीक्षेने तो मिटविला. डायझेपाम दिलेल्या स्त्रियांच्या मानाने मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्या स्त्रियांत पुन्हा झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी निघाले. २००२ साली तेहतीस देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत असेही दिसले की, झटके येण्याआधीच ते दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो.

या कहाणीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. परदेशी पुस्तकांतील मात्रा तेथील स्त्रियांच्या देहमानावर बेतलेल्या. आपल्याकडील स्त्री पुष्कळदा वजनाने हलकी. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रीस मानवेल अशी कमी मात्रेची पद्धत बसविली आणि तिचे अनुभव २००३ साली प्रसिद्ध केले. मात्रेला इतके महत्त्व का, ते प्रसूतिकक्षात पाहावयास मिळते. प्रत्येक नवी टोचणी देण्यापूर्वी परिचारिका रोग्याच्या गुडघ्यावर लहानशा हातोडीने हलकेच ठोका मारते. पाय उसळला तर ठीक. तो उसळला नाही, श्वास मंदावला किंवा लघवी कमी झाली तर मॅग्नेशियम अंगात साचले असे समजून टोचणी थांबवतात. जवळच तबकात कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी फोडण्यासाठी सज्ज ठेवलेली असते.